कुरमाघरातले चार दिवस

"आजी, बोट पुढं कर जरा."

माझ्या अंगणात पाय ठेवून ती बाई पहिल्यांदा हेच बोलली. जोहार नाही, पाणी मागणं नाही. चपला हातात, लुगडं वर खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून दोऱ्यानं कानाला बांधलेला. खांद्याला फुगलेली पिशवी.

मी सुपात तांदूळ पाखडत होते. मान वर न करता म्हटलं, "माझं बोट माझ्या कामाचं आहे. तुले टोचायचंच असंल तर तुझी दहा आहेत."

"माझं कालच टोचून पाहिलं. मी बरी आहे."

"मग बरी आहेस तोवर आपल्या गावी जा."

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. "मी निकुरे सिस्टर," म्हणाली. "तुमच्या गावची नर्स पळाली. तिच्या जागी मी."

"पळाली ती शहाणी होती."

ही गोष्ट रस्त्यावर झाडं पाडली त्या वर्षाची. वीस वर्षं झाली. आमच्या पोयारटोल्याला चाळीस घरं. बंदुका घेऊन रानात राहणाऱ्यांना आम्ही दादालोक म्हणतो. त्यांनी झाडं पाडून रस्ता बंद केला होता, आणि पलीकडच्या नाक्यावर पोलिसांनी तो आणखी बंद केला होता. मधे आम्ही. फवारणीचा माणूस दोन वर्षं आला नव्हता, कारण त्याच्या पाठीवरच्या डब्याला एकदा कोणी तरी बॉम्ब समजलं. भादवा लागला आणि घरोघरी खाटा थंडीनं खडखडायला लागल्या. आजारी माणसाला तालुक्याला न्यायचं तर खाटेवर घालून चौदा कोस, आणि वाटेत दोन्ही बाजूंना उत्तरं द्यायची. त्यापेक्षा लोक घरीच मरत होते. घरी मरायला कोणी कारण विचारत नाही.

तरीही त्या दिवशी गावात एकानंही बाईला बोट दिलं नाही. ती चाळीस दारं फिरली. चाळीस दारांत तिला एकच उत्तर मिळालं, आणि ते उत्तर माझं होतं.

झालं असं होतं. त्या वर्षी होळीच्या आधी आरोग्याची माणसं आली, सगळ्यांची बोटं टोचली, रक्ताचे थेंब काचेवर घेऊन गेली. आठव्या दिवशी पोलिसांची गाडी आली आणि माझा लालसू नेला. दादालोकांना तांदूळ दिला म्हणे. बापा, तांदूळ कोणी दिला नव्हता? बंदूक दारात उभी असली तर तुम्ही काय, फुलं देता? पण नेला माझाच पोरगा. मी बसून विचार केला. माझा विचार पक्का असतो. त्या काचेत दिसलं. कोणी कोणाला जेवू घातलं ते रक्तात दिसतं, आणि तालुक्याला यंत्र आहे ते वाचणारं. हे मी आधी म्हाताऱ्याला सांगितलं, मग विहिरीवर, मग बाजारात. आमचा म्हातारा इरपा गायता, गावाच्या देवाचा पुजारी. सात गावं त्याला मानतात आणि मला गायतीण म्हणतात. त्यामुळं माझं तोंडही सात गावांत चालायचं.

दुपारी ती बाई परत माझ्याच अंगणासमोरच्या चिंचेखाली येऊन बसली. पोटली सोडून शिळी भाकर खायला लागली. मी तिच्याकडं पाठ करून बसले. तेवढ्यात घरात खाट वाजली.

"आत कोण आहे?" बाईनं विचारलं.

"शेळी."

"शेळीले थंडी वाजून राहिली?"

"आमच्याकडच्या शेळ्या नाजूक."

आतून आवाज आला, "आत्या... पाणी..."

बाईनं भाकर गुंडाळली. "तुझी शेळी तुले आत्या म्हणते व आजी," असं म्हणून ती उठली आणि माझ्या अंगावरून सरळ आत गेली. माझ्या घरात मला न विचारता शिरलेलं हे पहिलं माणूस. मी सूप उचललं होतं फेकायला. पण फेकलं नाही. चार दिवस मी वाट पाहत होते कोणी तरी असं आत शिरावं म्हणून, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

आत जुरी होती. माझी सून; सासूला आमच्यात आत्याच म्हणतात. सहा महिन्यांचं पोट, चार दिवसांचा ताप. लालसू तुरुंगात, आणि त्याचं जे काही माझ्याकडं उरलं होतं ते त्या पोटात.

बाईनं तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, हातापायाची नखं पाहिली, लघवीचा रंग विचारला. मी म्हटलं, "चहासारखा." ती माझ्याकडं वळली. मला वाटलं आता ही बोलणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं तिखट. पण ती एवढंच म्हणाली, "हिचं रक्त तपासायची गरजच नाही. मलेरिया डोक्यात चढायच्या आत सलाईनमधून क्विनीन द्यावं लागंल. दोन दिवस, तीन दिवस. नाही दिलं तर आधी पोटातलं जाईल, मग ही."

"मग दे."

"इथं नाही देता येत."

"काहून? माझं घर तुले दवाखान्यासारखं दिसत नाही?"

तिनं पिशवी जवळ ओढली. "ऐक. नाक्यावरून मी चारच घरांची औषधं नेऊ शकते. जास्त सापडली तर म्हणतात रानात चालली. उद्या-परवा पोलीस येतील मी कुठं राहिली ते पाहाले. अन् दादालोकांनी पाहिली तर म्हणतील सरकारनं पाठवली, गावात काय पाहाले आली? दोघांपैकी कोणीही आलं तरी बाटली उतरवावी लागंल. अर्ध्यात उतरवली तर न दिल्यासारखीच."

पिशवीत मी वाकून पाहिलं. चार घरांची कुठं, चाळीस घरांची औषधं होती. "ही कशी आणली?"

तिचे कान लाल झाले. "वर बायकांच्या महिन्याच्या घड्या ठेवल्या होत्या. वापरलेल्या. शिपायानं पिशवी उघडली, अन् असा मागं सरला जसा नागावर पाय पडला."

लालसूला नेल्यापासून मी हसले नव्हते. त्या दिवशी हसले, आणि हसता हसता थांबले. कारण कुठं जायचं ते मला कळलं होतं. आणि ते मला अजिबात नको होतं.

आमच्यात पाळी आलेली बाई घरात राहत नाही. गावाच्या टोकाला कुरमाघर असतं, तिथं दिवस काढते. पुरुष तिकडं फिरकत नाही, तिथल्या वस्तूला शिवत नाही, तिथल्या बाईची सावली अंगावर घेत नाही. छप्पर शाकारायचं काम पुरुषांचं, म्हणून कुरमाघर सगळीकडं गळतं. शाळेत पोलीस उतरायचे, गावच्या तरुणांच्या गोटुलात दादालोक बैठक घ्यायचे, देवाच्या राऊळातसुद्धा बुटांचे ठसे मी पाहिले होते. कुरमाघरात कोणाचा बूट गेला नव्हता.

पण तिथला नेम सांभाळणारी मीच होते. एखादी पोर एक दिवस आधी घरी आली तर मी तिला हाताला धरून परत नेत असे. आता मीच पोटुशी सून तिथं नेऊन निजवायची, परकी बाई बसवायची, आणि देवाशी खोटं बोलायचं.

"मले काही आलेलं नाही," बाई म्हणाली. मी तिला सगळं सांगितल्यावर.

"आजपासून आलं."

"अन् जुरीले?"

"तिले कोण विचारते? रक्त दिसलं म्हणू. पोटुशी बाईले दिसते कधी कधी."

"अन् तू?"

हा प्रश्न मी टाळत होते. जुरीजवळ मला राहायलाच हवं होतं. माझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती. साऱ्या गावाला ठाऊक होतं, कारण ती गेली तेव्हा मीच विहिरीवर सांगितलं होतं, आता मी कोणाच्या बापाला भीत नाही म्हणून.

आम्ही दोघींनी जुरीला खाटेसकट उचललं. बाई काटकुळी दिसायची, पण खाटेचं जड टोक तिनंच धरलं. कुरमाघराचं दार इतकं ठेंगणं की वाकूनच आत जावं लागतं. आत एक पोर खरंच बसलेली होती, चिन्नी नावाची. तिला मी म्हटलं, "जे दिसंल ते बाहेर बोललीस तर तुझं लग्न मी ठरवीन." ती पोर आजवर कोणाजवळ बोललेली नाही.

बाईनं आढ्याला दोरी बांधली, बाटली टांगली, जुरीच्या हातावर शीर शोधली. हात काडीसारखा झालेला. दोनदा सुई चुकली. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी शीर चाचपली, आणि सुई आत गेली. वरून पाणी गळत होतं ते तिनं स्वतःच्या पाठीवर घेतलं, बाटलीवर पडू दिलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत म्हातारा आला. लांब उभा राहिला, नेमाप्रमाणं.

"अगं," त्यानं हाक मारली. "तू तिथं काय करून राहिली?"

"कुरमात बसलेय."

त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "साठाव्या वर्षी?"

"देवाले विचार. तुझ्याच ओळखीचा आहे."

विहिरीवर बायका हसल्या. मला ऐकू आलं. ज्यांना मी आयुष्यभर हसले त्या सगळ्या एकाच संध्याकाळी हसल्या. म्हाताऱ्यानं काठी टेकली, आढ्याला टांगलेली बाटली दाराच्या फटीतून त्याला दिसली असावी. म्हणाला, "बरं. भात पाठवतो." आणि जाताना विहिरीजवळ थांबून बायकांवर एवढ्या मोठ्यानं ओरडला की चाळीस वर्षांच्या संसारात मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता.

त्या औषधानं जुरीच्या कानात सारख्या घंटा वाजायच्या. ती म्हणायची, "आत्या, हाटाचा दिवस आहे का? बैलगाड्या येऊन राहिल्या." बाई दर थोड्या वेळानं तिच्या तोंडात गूळपाणी सोडायची. मी विचारलं, गोडधोडाचे लाड कशाला? म्हणाली, "हे औषध अंगातली साखर खाते. मलेरिया उतरंल अन् ही साखर कमी होऊन जाईल, असं नको व्हायला." दोन दिवस तिनं पाठ टेकली नाही. झोप आली की स्वतःच्या दंडाला चिमटा घ्यायची. तिचा दंड मी पाहिला. निळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोलीस आले. पंधरा-वीस जण. साहेब तरुण होता, खालच्या मुलखातला, बोलणं गोड.

"आजी, नर्सबाई इकडे आल्यात असं कळलं. आत कोण आहे?"

"बायका."

"किती?"

"दिवस काढणाऱ्या मोजत नाहीत आमच्याकडं."

त्यानं जवळच्या शिपायाला खूण केली. शिपाई आमच्याच रानातला होता, शेजारच्या गावचा. तो जागचा हलला नाही. "साहेब, कुरमाघर आहे."

"मग?"

"मी नाही जाऊ शकत. आईले कळलं तर घरात घेणार नाही."

साहेबानं स्वतः दोन पावलं टाकली. मी दारात आडवी बसले. म्हटलं, "ये बाबा. तू ये. आत चार बायकांची रक्ताची फडकी वाळत आहेत. तुझ्या माउलीले पत्रात लिहून कळव, आज काय काय तपासलं."

पोरगा लाल झाला. बंदूक होती, हुद्दा होता, पण आईनं वाढवलेला होता. त्यानं मान वळवली, "चला," म्हणाला. माझ्या मागं, एका हाताच्या अंतरावर, दोरीवरची बाटली दारातून दिसू नये म्हणून बाई ती हातात धरून बसली होती. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. बाटली हलत नव्हती.

मला वाटलं, जिंकलं. पुरुषांचंच भय होतं, आणि पुरुष इथं येत नाहीत. पण मी एक विसरले होते, आणि विसरायला नको होतं, कारण मीच त्यांना तांदूळ घातला होता. दादालोकांत पोरीही होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादालोक आले. पुरुष लांब चिंचेखाली थांबले. त्यांच्यातली एक पोरगी तडक कुरमाघराकडं आली, वाकली आणि आत शिरली. खांद्याला बंदूक, केस आखूड. विशीतली असंल.  त्या पोरीला मी काय सांगून अडवणार होते? नेम तिच्यासाठी नव्हता. तीही बाईच होती.

तिनं बाटली पाहिली, पिशवी पाहिली, निकुरे बाईला पाहिलं. "तू कोणाची?" विचारलं.

बाई जुरीला गूळपाणी पाजत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "थांब, एवढं पाजते." पाजून झालं. मग वळली, त्या पोरीकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "तुझे डोळे पिवळे आहेत. किती दिवसांचा ताप?"

पोरगीनं बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"हात दे."

"रक्त घेऊन पोलिसांले देतेस. सगळी गावं म्हणतात."

माझे कान गरम झाले. माझंच वाक्य बंदूक घेऊन माझ्यासमोर उभं होतं.

बाईनं तिचा हात धरलाच. बोट पुसलं. "रक्तात मलेरियाचे जंतू दिसतात. बंदूक दिसत नाही. खाकी दिसत नाही. तू कोणाच्या घरी जेवली ते तर मुळीच दिसत नाही." आणि टोचलं. थेंब पट्टीवर घेतला. आम्ही पाच बायका त्या पट्टीकडं बघत बसलो. दोन लाल रेघा उठल्या. "आहे," बाई म्हणाली आणि गोळ्या काढल्या. "तीन दिवस. उपाशी पोटी नाही. तुझ्यापुरत्याच देते. या चाळीस घरांच्या आहेत, यातली एक जास्त मागितली तर नाही देणार."

पोरगी गोळ्या मुठीत धरून बसली. मग तिनं जुरीच्या पोटाकडं पाहिलं. "वाचंल?"

"तू बाहेर जाऊन काय सांगशील त्यावर आहे."

ती उठली, वाकून बाहेर पडली. चिंचेकडं जाताना आम्हाला तिचा आवाज ऐकू आला. "कुरमा आहे. काही नाही तिथं. चला."

मी तिथंच, बाईनं न मागता, बोट पुढं केलं. ती म्हणाली, "बस जरा, आजी. माझे हात थरथरून राहिलेत." 

चौथ्या दिवशी जुरीला घाम फुटला आणि तिनं भात मागितला. बाईनं लाकडी नळी तिच्या पोटाला लावली, ऐकलं, मग माझं डोकं धरून नळीवर टेकवलं. आत माझ्या लालसूचं पोर घाईघाईनं धावत होतं. मी बराच वेळ डोकं उचललं नाही. कोणी तोंड पाहू नये म्हणून.

तोवर गावातल्या बायका एकेक करून पोरं घेऊन कुरमाघराकडं यायला लागल्या होत्या. बाईचे दिवस सरले असं मी जाहीर केलं, म्हणून आजारी पुरुषांची बोटं चिंचेखाली टोचली जात होती. गायतीण बोट देते म्हटल्यावर कोण मागं राहतो?

बाई पिशवी भरत होती तेव्हा मी विचारलं, "पहिल्या दिवशी तू आधी माझ्याच अंगणात काहून आली?"

"नदीपलीकडची तीन गावं फिरून आले होते. कोणी बोट देईना. विचारलं काहून, तर म्हणाले, पोयारटोल्याची गायतीण सांगते."

नदीपलीकडं माझी बहीण राहते, पेडी. "पेडीच्या गावातसुद्धा?"

बाईनं पिशवीचा बंद बांधला. पुन्हा सोडला. "तिचा मोठा नातू गेला, आजी. मी पोचायच्या आदल्या दिवशी. नातीलेही तेव्हा ताप होता."

"अन् चार दिवस तू मले बोलली नाही?"

"बोलले असते तर तू मले हाकललं असतं. मग जुरी गेली असती."

मी खूप जणांशी भांडले आहे. माझ्यासमोर कोणी टिकलेलं नाही. ही बाई चार दिवस माझा गुन्हा पदराला बांधून माझ्याच सुनेसाठी जागत बसली होती, आणि मी तिला गूळ जास्त वापरते म्हणून बोलत होते.

मी तिच्या हातातून पिशवी घेतली, डोक्यावर ठेवली. "चल. पेडी तुझं ऐकणार नाही. ती माझ्यापेक्षा वाईट आहे."

नदीला कमरेइतकं पाणी होतं. पेडीच्या अंगणात पोचलो तेव्हा ऊन कलायचं होतं. ती दारात बसली होती, नातीला मांडीवर घेऊन. बाईकडं पाहून तिनं पोरीचे हात पदराखाली लपवले. "हिले काहून आणलं?" मला म्हणाली. "रक्त नेते ती. तूच म्हणाली होती."

आयुष्यात मी कोणासमोर चुकले म्हटलं नव्हतं. नवऱ्यासमोर नाही, देवासमोर नाही. बाई पुढं झाली, पोरीशेजारी बसली, आमच्याकडं पाठ केली आणि पदराखालचं मनगट शोधून नाडी मोजायला लागली. मोठ्यानं. "एक, दोन, तीन, चार..."

मी पेडीच्या समोर खाली बसले. "ते खोटं होतं, पेडे," म्हटलं. "रक्तात काही दिसत नाही. लालसूले नेलं त्या रागात मी बोलले. मीच. तुझा नातू त्यानं गेला."

पेडीनं माझ्याकडं पाहिलं.  मग तिनं नातीला मांडीवरून उचललं आणि माझ्याकडं न बघता बाईच्या मांडीवर दिलं.

बाई मोजतच होती, "एकाहत्तर, बाहत्तर," शेजारच्या अंगणात माझं बोलणं नाही, तेच ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. चार दिवस मी तिला जुरीची नाडी मोजताना पाहिलं होतं. ओठसुद्धा हलत नसत तिचे.